नॅनोकणांची साइज तीन रिपोर्टांत तीन येते, तेव्हा

प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली की ही तक्रार हमखास येते. चांदीचे नॅनोकण तयार केलेले असतात, बहुतेक वेळा तुळस, कडुनिंब किंवा शेवग्याच्या पाल्याच्या अर्कातून. एक्सआरडीवरून (क्ष-किरणांचं विवर्तन) साइज निघते १७ नॅनोमीटर, टीईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) फोटोत कण दिसतात २५ चे, आणि डीएलएसचा (द्रवातल्या कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजणारं यंत्र) कागद म्हणतो १४०. मग विचारणा होते, "मॅडम, यातला खरा कुठला? थिसिसमध्ये कुठला घालू?" कोल्हापुरात विद्यापीठातली मुलं विचारतात, कॉलेजात एमएस्सी करणारी विचारतात, आणि आता फार्मसीची मुलंही विचारू लागली आहेत.

यातला एकही आकडा लगेच खोडू नका. आणि सोयीचा तेवढा ठेवून बाकीचे कागद फाइलच्या तळाशी तर अजिबात ढकलू नका. तिन्ही आकडे एकाच वेळी बरोबर असू शकतात, कारण तिन्ही यंत्रांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत.

अमेरिकेतल्या एनआयएसटी या मापन-प्रमाणांच्या संस्थेने सोन्याच्या नॅनोकणांचे प्रमाण-नमुने काढले आहेत. ते १०, ३० आणि ६० नॅनोमीटर अशा नावांनी मिळतात आणि यंत्र ठीक चाललंय का हे पाहायला जगभर वापरले जातात. त्यातल्या ३० वाल्या नमुन्याच्या दाखल्यावर साइज म्हणून एकच आकडा दिलेला नाही. एएफएमने (सूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपणारं यंत्र) मोजलेली साइज वेगळी दिली आहे, सुमारे २५. टीईएमची वेगळी, २७ आणि २८ च्या मधली. डीएलएसची पुन्हा वेगळी. इतके निगुतीने केलेले, जवळपास गोल, एकसारखे कण, आणि तरीही तंत्रागणिक वेगळा आकडा छापला आहे. म्हणून आपल्या रिपोर्टांत फरक पडला तर घाबरण्यासारखं काही नाही. १७ आणि २५ मधलं अंतर साधं आहे. २५ आणि १४० मधलं अंतर मात्र नमुन्याबद्दल काहीतरी सांगतंय, आणि ते काय हे शोधून काढायचं आहे.

आधी हे बघा: तिन्ही ठिकाणी नमुना तोच होता का?

ज्या भानगडी माझ्यापर्यंत येतात त्यातल्या बऱ्याच इथेच सुटतात. साधारण घडतं असं. कोलॉइड (कण तरंगत असलेला द्रव) तयार झालं, रंग पिवळसर तपकिरी आला, सगळे खूश झाले. एक्सआरडीला पावडर लागते म्हणून कोलॉइड सेंट्रिफ्यूज करून ओव्हनमध्ये वाळवलं. मग डीएलएसची तारीख मिळाली तेव्हा मूळ बाटली संपलेली होती किंवा तळाशी गाळ बसला होता, म्हणून तीच वाळलेली पावडर पाण्यात टाकून थोडा वेळ सोनिकेट केली, म्हणजे अतिध्वनी लहरींनी हलवली, आणि दिली. वाळताना कण एकमेकांना घट्ट चिकटतात. अर्कातली प्रथिनं आणि साखर त्यांच्यामध्ये गोंदासारखी बसते. नंतर सोनिकेशनने ढेकळं थोडी फुटतात, पण सुटे कण परत मिळत नाहीत. मग डीएलएसने १४० काय किंवा ४०० काय दाखवलं, तरी त्याने खोटं सांगितलेलं नाही. तुम्ही त्याला गुठळ्या दिल्या, त्याने गुठळ्या मोजल्या.

म्हणून बॅच झाली की त्याच दिवशी तिचे भाग करा. एक भाग ओलाच ठेवा, तपकिरी बाटलीत, थंड जागी, पण फ्रीझरमध्ये नाही. गोठलं की बर्फाचे स्फटिक कणांना एकत्र ढकलतात आणि गुठळ्या होतात. हा भाग यूव्ही (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते), डीएलएस, झीटा (कणांवरच्या विद्युतभाराचं माप) आणि टीईएमसाठी. दुसरा भाग वाळवा, तो एक्सआरडी, एफटीआयआर (अवरक्त किरणांनी रासायनिक गट ओळखणं) आणि टीजीएसाठी (तापवताना वजन किती घटतं ते). बाटलीवर बॅच नंबर आणि तारीख घाला. आणि ज्या दिवशी डीएलएस आहे त्या दिवशी सकाळी यूव्ही पुन्हा घ्या. चांदीच्या छोट्या गोल कणांचा प्लाझमॉन पीक (पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांच्या कंपनामुळे होणारं शोषण) ४०० नॅनोमीटरच्या आसपास असतो. बॅचच्या दिवशी जो पीक होता तो आज उजवीकडे सरकलाय का, रुंद झालाय का, लांब तरंगलांबीकडे दुसरा उंचवटा आलाय का, ते बघा. यातलं काहीही झालं असेल तर बाटलीत गुठळ्या व्हायला लागल्या आहेत, आणि पुढची महागडी मोजणी जुन्या बॅचबद्दल काहीच सांगणार नाही.

यूव्हीबद्दल एवढंच लक्षात ठेवा की शोषणाचा आकडा २ च्या वर गेला असेल तर नमुना पातळ करा, नाहीतर पीकचा माथा सपाट दिसतो आणि जागा चुकते. आणि ब्लँक (तुलनेचा नमुना) म्हणून नुसतं पाणी ठेवू नका, तेवढ्याच प्रमाणात पातळ केलेला अर्क ठेवा, कारण पाल्याचा अर्क स्वतःही त्या भागात शोषून घेतो. अजून एक. चांदीच्या कणांचा टॉक प्लॉट (शोषणावरून काढायचा आलेख) काढून बँड गॅप (अर्धवाहकातल्या इलेक्ट्रॉनांच्या दोन ऊर्जापट्ट्यांमधलं अंतर) दिलेला प्रबंधांत दिसतो. चांदी धातू आहे, तिला बँड गॅप नाही. तो आलेख झिंक ऑक्साइडसारख्या अर्धवाहकासाठी काढा.

डीएलएसचा आकडा मोठा का येतो

डीएलएस कण बघत नाही. द्रवात कण थरथरतात, त्यांच्यावरून विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता सतत खालीवर होते, आणि त्या चढउतारावरून यंत्र कणांचा विसरण गुणांक काढतं. तिथून पुढे स्टोक्स-आइन्स्टाइन समीकरणाने व्यास निघतो. हा व्यास एका काल्पनिक गोळ्याचा असतो, जो तुमच्या कणाइतक्याच वेगाने द्रवात फिरतो. कणावर बसलेला पीव्हीपी (कण सुटे ठेवणारा पॉलिमर) किंवा अर्कातल्या रेणूंचा थर आणि त्याच्याबरोबर ओढलं जाणारं पाणी, सगळं त्यात आलं. टीईएममध्ये हा थर बहुतेक दिसतच नाही. म्हणून डीएलएस टीईएमपेक्षा काही नॅनोमीटरने, पॉलिमर लांब असेल तर बऱ्याच नॅनोमीटरने मोठा येणं हेच अपेक्षित आहे.

पण २५ चे १४० होण्यामागे बहुतेक वेळा दुसरं कारण असतं. लहान कणावरून विखुरणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. म्हणजे २०० नॅनोमीटरची एक गुठळी २० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश फेकते. दहा लाख सुट्या कणांमागे अशी एकच गुठळी असली तरी निम्मा सिग्नल तिचा. टीईएमच्या फोटोत ती तुम्हाला कदाचित कधी सापडणारही नाही, पण डीएलएसचा झेड-ॲव्हरेज (प्रकाशाच्या तीव्रतेवरून निघणारी सरासरी साइज) ती वर खेचते. धुळीचा कणही हेच करतो.

म्हणून डीएलएसच्या कागदावर फक्त झेड-ॲव्हरेज वाचून थांबू नका. त्याच्या शेजारी पीडीआय असतो, साइज किती विखुरलेली आहे याचं माप. तो ०.१ च्या आत असेल तर नमुना एकसारखा आहे आणि आकड्यावर भरवसा ठेवता येतो. ०.५ च्या वर गेला तर झेड-ॲव्हरेज हा आकडा म्हणून सांगण्यात फारसा अर्थ उरत नाही, तेव्हा वितरणाचा आलेख दाखवा आणि नमुना विषम आहे हे स्पष्ट लिहा. बरीच मुलं इथे सॉफ्टवेअरमध्ये इंटेन्सिटीऐवजी (प्रकाशाची तीव्रता) नंबरचा (कणांची संख्या) आलेख निवडतात, कारण त्यात आकडा टीईएमच्या जवळ येतो. माझं ठाम मत आहे की हे करू नये. नंबरचा आलेख यंत्राने मोजलेला नसतो, इंटेन्सिटीवरून अपवर्तनांक वगैरे गृहीत धरून गणिताने काढलेला असतो, आणि सहाव्या घाताचं गणित उलटं फिरवताना मूळ मोजणीतली बारीक चूकही प्रचंड फुगते. द्यायचाच असेल तर इंटेन्सिटीच्या आलेखाबरोबर द्या.

आता हाताने तपासायच्या गोष्टी. सॉफ्टवेअरमध्ये द्रव कुठला निवडलाय? कण एथिलीन ग्लायकॉलमध्ये बनवले, तसेच क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या नळीत) ओतले आणि निवड पाण्याची राहिली, तर एथिलीन ग्लायकॉल पाण्याच्या सुमारे १८ पट चिकट असल्याने साइजही तितक्याच पटीत फुगून येते. तापमानही असंच. पाण्याची चिकटता २० अंशाला १.०० आणि २५ अंशाला ०.८९ मिलिपास्कल-सेकंद असते. क्युव्हेट थंड असताना घाईने मोजणी सुरू केली तर नुसत्या या कारणाने साइज १४ ते १५ टक्के जास्त दिसू शकते. दोन-तीन मिनिटं थांबायचं, बस.

नमुना पातळ करायचं पाणी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्या. नमुना मात्र सरसकट गाळू नका. गुठळ्या आहेत का हे शोधायला बसलात आणि गुठळ्याच फिल्टरवर ठेवून आलात, तर मोजलं काय? आणि एकाच पातळपणावर थांबू नका. मूळ, निम्मा आणि दहावा भाग असे तीन करून बघा. साइज तिन्हीत साधारण तीच राहिली तर ठीक. बदलत गेली तर कण एकमेकांवर परिणाम करताहेत, किंवा पातळ केल्याने वरचा थर सुटतोय. अगदी शुद्ध पाण्यात कणांभोवतीचा विद्युतभारित थर पसरतो आणि साइज जरा जास्त येते, म्हणून मोजणी १० मिलिमोलर मिठाच्या पाण्यात करतात. पण चांदीला मीठ चालत नाही, क्लोराइडमुळे पृष्ठभागावर सिल्व्हर क्लोराइड होतं. चांदीसाठी पोटॅशियम नायट्रेट घ्या.

कार्बन डॉट (कार्बनचे अतिसूक्ष्म कण) असतील तर डीएलएसच्या आधी विचार करा. ते स्वतःच चमकतात, आणि तो प्रकाश यंत्राला विखुरलेल्या प्रकाशासारखाच दिसतो. नॅनोरॉडबाबत (कांडीसारखे कण) दुसरीच गंमत होते. ५-१० नॅनोमीटरपाशी एक खोटा पीक येतो, तो कांडी स्वतःभोवती फिरते त्याचा असतो. "दोन प्रकारचे कण तयार झाले" असं त्यावरून लिहू नका.

एक्सआरडी: गणितात अडकलेल्या चुका

एक्सआरडीच्या पीकच्या रुंदीवरून साइज काढणारं शेरर यांचं समीकरण १९१८ सालचं आहे आणि ते स्फटिकाची साइज देतं, कणाची नाही. एका कणात अनेक स्फटिक असू शकतात. गुळाची ढेप फोडली की आत रवा दिसतो, त्या रव्याचं माप घेऊन ढेपेचं माप सांगता येत नाही, तसंच हे. म्हणून एक्सआरडीचा १७ टीईएमच्या २५ पेक्षा लहान आला यात काही बिघडलेलं नाही. उलट एक्सआरडीचा आकडा टीईएमपेक्षा बराच मोठा आला तर काळजी करा, कारण कणापेक्षा त्यातला स्फटिक मोठा असू शकत नाही. असं झालं तर दोनपैकी एक मोजणी पुन्हा बघावी लागेल.

गणित एकदा हाताने करून बघा, सॉफ्टवेअरवर सोडू नका. तांब्याच्या के-अल्फा किरणांची तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर. चांदीचा १११ पीक (स्फटिकातल्या अणूंच्या एका पातळीसमूहाचा) ३८.१ अंशाला येतो, हा कोन म्हणजे दोन थीटा. त्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी समजा ०.५ अंश आहे. ती रेडियनमध्ये ०.००८७३ होते. थीटा म्हणजे ३८.१ चा निम्मा, १९.०५ अंश, त्याचा कोसाइन ०.९४५. वर ०.९ (आकाराचा स्थिरांक) गुणिले ०.१५४०६, खाली ०.००८७३ गुणिले ०.९४५. उत्तर साधारण १६.८ नॅनोमीटर.

आता नेहमीच्या दोन चुका. रुंदी अंशातच ठेवली तर उत्तर येतं ०.२९ नॅनोमीटर. चांदीच्या एका युनिट सेलची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वात लहान घटक) बाजूच ०.४०९ नॅनोमीटर आहे, म्हणजे युनिट सेलपेक्षा लहान स्फटिक! हा आकडा तरी डोळ्यात भरतो. दुसरी चूक जास्त फसवी आहे. थीटाऐवजी दोन थीटाच कोसाइनमध्ये घातला तर उत्तर २०.२ येतं, आणि ते इतकं साजरं दिसतं की कुणी तपासायलाच जात नाही.

यंत्राची स्वतःचीही रुंदी असते, ती वजा करावी लागते. लॅन्थॅनम हेक्साबोराइड किंवा सिलिकॉनचा प्रमाण-नमुना त्याच यंत्रावर, त्याच स्लिटनी मोजला की ती कळते. समजा ती ०.१ अंश निघाली. वजाबाकी वर्गाच्या पद्धतीने (दोन्हींच्या वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ) केली तर वरची साइज सुमारे १७ राहते, सरळ केली तर २१ होते. तेव्हा कुठली पद्धत वापरली ते लिहा, आणि कृपा करून "१६.८३ नॅनोमीटर" असं दोन दशांश स्थळांपर्यंत लिहू नका. साइज १०० नॅनोमीटरच्या पुढे गेली की रुंदीतला फरक यंत्राच्या रुंदीत हरवतो, तिथे शेरर वापरण्यात अर्थ नाही. पीक रुंद होण्यामागे ताणही असतो. निरनिराळ्या पीकवरून निरनिराळी साइज येत असेल तर विल्यमसन-हॉल आलेख (साइज आणि ताण यांचा परिणाम वेगळा करणारा) काढून बघा.

पाल्याच्या अर्कातून केलेल्या चांदीत २७.८, ३२.२ आणि ४६.२ अंशाला पीक आले, तर ते "अर्कातले सेंद्रिय पदार्थ" म्हणून सोडून देतात. ते सिल्व्हर क्लोराइड आहे. नळाच्या पाण्यात धुतलेली काचेची भांडी, नळाच्या पाण्यात उकळलेला पाला, किंवा पाल्यातलंच क्लोराइड. असं असेल तर तुमच्या बाटलीत दोन पदार्थ आहेत आणि जिवाणूंवरच्या परिणामाचं श्रेय कुणाला द्यायचं हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. डिस्टिल्ड पाणी अर्काच्या पहिल्या टप्प्यापासून वापरा.

टीईएमचा फोटो म्हणजे पुरावा नव्हे

टीईएमवर सगळ्यांची श्रद्धा असते, कारण तिथे कण डोळ्यांनी दिसतो. मलाही ते तंत्र फार आवडतं. पण ग्रिडवर (नमुना ठेवायची बारीक जाळी) टाकलेल्या काही मायक्रोलिटर थेंबातला किती भाग आपण बघितला? बसून कोणी बारा सुंदर कण मोजले आणि सरासरी दिली, तर ती त्या बारा कणांची सरासरी. निदान काही शे कण मोजा, ग्रिडच्या वेगवेगळ्या चौकोनांतून, आणि फोटो काढायची जागा कण बघून निवडू नका. इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये स्केल बार त्या फोटोवरूनच लावा. फोटो कापून मोठा केला असेल तर मूळ फाइल उघडा. एकमेकांना चिकटलेले कण सॉफ्टवेअर एकच धरतं, तिथे हातानेच मोजावं लागतं. किती कण मोजले तो आकडा हिस्टोग्रामखाली लिहा.

थेंब वाळताना कण कडेला गोळा होतात. त्यामुळे टीईएममध्ये पुंजके दिसले म्हणून द्रवातही पुंजके होते असं म्हणता येत नाही. द्रवातल्या गुठळ्यांबद्दल बोलायचं असेल तर ते काम डीएलएसचं. आणि अर्कातून केलेले कण दोन-तीनदा सेंट्रिफ्यूज करून धुतल्याशिवाय ग्रिडवर टाकू नका, नाहीतर सेंद्रिय पदार्थाची साय सगळ्या ग्रिडवर पसरते आणि ऑपरेटर बिचारा तासभर फोकस शोधत बसतो.

एसईएममध्ये (पृष्ठभाग दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) वेगळी पंचाईत होते. नमुन्यावर सोन्याचा थर मारलेला असतो, काही नॅनोमीटर जाडीचा. २० नॅनोमीटरच्या कणावर तो थर म्हणजे मोठीच भर. शिवाय त्या थराचे स्वतःचे बारीक दाणे असतात, आणि मोठ्या मॅग्निफिकेशनला तेच नॅनोकण म्हणून मोजले जातात. थर मारलेला रिकामा स्टब (नमुना ठेवायची चकती) एकदा बघून घ्या.

मग निवडायचं कसं?

मी विद्यार्थ्यांना यंत्रांची यादी करायला सांगत नाही. निष्कर्षात जे वाक्य लिहायचं आहे ते आधी लिहायला सांगते. "हे कण जिवाणू मारतात" असं वाक्य असेल तर कण ज्या माध्यमात जिवाणूंबरोबर ठेवले त्या माध्यमात त्यांची साइज किती, हे महत्त्वाचं. पाण्यातली नव्हे, न्यूट्रियंट ब्रॉथमधली. तिथे डीएलएस आणि यूव्ही वेळेनुसार घ्या. किती चांदी विरघळली ते एएएस किंवा आयसीपीने (धातूचं प्रमाण मोजणारी तंत्रं) मोजा, कारण चांदीचे आयनही जिवाणू मारतात. "हा उत्प्रेरक चांगला आहे" असं वाक्य असेल तर पृष्ठभाग लागतो, म्हणजे बीईटी (वायू शोषवून पृष्ठभाग मोजणं). "कणांवर अमुक थर बसलाय" असेल तर एफटीआयआर थर कशाचा ते सुचवतं आणि टीजीए तो किती आहे ते सांगतं. साइज हा आकडा यातल्या प्रत्येक ठिकाणी लागतो, पण दर वेळी वेगळी साइज लागते.

झीटा पोटेन्शियल मात्र सगळेच करतात, आणि सगळे एकच वाक्य लिहितात की ३० मिलिव्होल्टच्या वर आहे म्हणून स्थिर आहे. पीएच न लिहिता दिलेला झीटाचा आकडा निरुपयोगी आहे. झिंक ऑक्साइडचा झीटा पीएच ९ च्या आसपास शून्यावरून जातो, सिलिकाचा २ च्या आसपास. पीव्हीपीने स्थिर केलेल्या कणांचा झीटा ५ मिलिव्होल्ट असला तरी ते महिनोन्महिने टिकू शकतात, कारण त्यांना पॉलिमरच्या साखळ्या दूर ठेवतात. स्थिर आहेत का हे दाखवायचं असेल तर दर आठवड्याला डीएलएस घ्या.

इथल्या कामातली काही उदाहरणं सांगते. साखर कारखान्यांच्या बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) राखेतून सिलिका काढायचं काम आपल्याकडे साहजिकच लोकप्रिय आहे. ती सिलिका अस्फटिक असते, एक्सआरडीत २२ अंशाभोवती पसरलेला फुगवटा दिसतो. त्या फुगवट्यावर शेरर लावून "साइज २ नॅनोमीटर" असं लिहिलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. स्फटिकच नाही, तर स्फटिकाची साइज कुठून येणार? फुगवट्यावर २१.९ अंशाला टोकदार पीक दिसला तर मात्र सावध व्हा. राख फार तापवल्याने क्रिस्टोबलाइट (सिलिकाचं स्फटिक रूप) तयार झालं असू शकतं, आणि स्फटिक सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक आहे. मास्क लावूनच पावडर हाताळा. साइजसाठी टीईएम घ्या आणि पृष्ठभागासाठी बीईटी. बीईटीवरून साइज काढायचं सोपं सूत्र आहे. ६००० ला घनता आणि पृष्ठभाग यांच्या गुणाकाराने भागायचं. झिंक ऑक्साइडची घनता ५.६१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, पृष्ठभाग ग्रॅममागे ३० चौरस मीटर आला तर साइज सुमारे ३६ नॅनोमीटर. पण हे भरीव गोलांसाठी. राखेतली सिलिका सच्छिद्र असते, न जळलेला कार्बनही तिच्यात उरतो. दोन्हींमुळे पृष्ठभाग वाढतो आणि साइज खोटी लहान निघते. तिथे हे सूत्र वापरू नका.

दुसरं उदाहरण चांदीचंच. चांदीच्या दागिन्यांचं हुपरी जवळ आहे, म्हणून दागिन्याच्या चांदीचा तुकडा नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून सिल्व्हर नायट्रेट (कण बनवायचा कच्चा माल) करायची कल्पना अधूनमधून कुणाला तरी सुचते. ९२.५ टक्क्यांच्या चांदीत उरलेला भाग बहुधा तांबं असतो. मग टीईएमसोबतच्या ईडीएसमध्ये (नमुन्यातली मूलद्रव्यं ओळखणारं तंत्र) तांब्याचा पीक येतो, आणि "तो ग्रिडचा आहे" म्हणून सोडून दिला जातो, कारण ग्रिड तांब्याची असतेच. तांबं नमुन्यातलं की ग्रिडमधलं, हे तांब्याच्या ग्रिडवर कधीच ठरत नाही. निकेलची ग्रिड मागा, किंवा सरळ एएएसने तांबं मोजा. कॉपर ऑक्साइडवर काम करणाऱ्यांनीही हेच करावं.

फेराइटवाल्यांसाठी (लोहाची चुंबकीय ऑक्साइडं) दोन गोष्टी. तांब्याच्या किरणांनी लोह स्वतः प्रकाशतं, त्यामुळे एक्सआरडीची पार्श्वभूमी वर जाते आणि लहान पीक तीत बुडतात. यंत्रावर मोनोक्रोमेटर (ठरावीक तरंगलांबीच जाऊ देणारा भाग) आहे का, किंवा कोबाल्टची ट्यूब मिळेल का, ते आधी विचारा. आणि टीईएमच्या अर्जावर नमुना चुंबकीय आहे हे ठळक लिहा. सुटी चुंबकीय पावडर लेन्सच्या क्षेत्रात ओढली गेली तर यंत्राचं नुकसान होतं, म्हणून बरीच केंद्रं असे नमुने घेत नाहीत किंवा खास तयारी करून घेतात. मॅग्नेटाइट आणि मॅघेमाइट ही लोहाची दोन ऑक्साइडं एक्सआरडीने खात्रीने वेगळी करता येत नाहीत. मॉसबाउअर (गॅमा किरणांनी लोहाची अवस्था ओळखणं) लागतं. रामनही (लेझरचा विखुरलेला प्रकाश तपासणं) चालतं, पण लेझरची शक्ती कमी ठेवून. जास्त ठेवली तर लेझरच्या उष्णतेनेच मॅग्नेटाइटचं हेमटाइट होतं आणि आपण तेच मोजून येतो.

अर्ज भरताना

विद्यापीठाच्या सीएफसीमध्ये (सामायिक यंत्र केंद्र) किंवा दुसऱ्या कुठल्याही केंद्रात नमुना देताना अर्जात फक्त "साइज" असं लिहू नका. द्रव कुठला, अंदाजे किती तीव्रता, थर कशाचा, अंदाजे साइज किती, चुंबकीय आहे का, विषारी आहे का, आणि मोजणीवरून तुम्हाला काय ठरवायचंय, एवढं लिहा. ऑपरेटरला हे कळलं की तो स्वतःहून चांगल्या सेटिंग सुचवतो, हा माझा अनुभव आहे. जे यंत्र इथे नाही ते देशात कुठे आहे हे आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतं. नमुना मुंबई-पुण्याला पाठवणार असाल तर ओल्या नमुन्याची एक बाटली कोल्हापुरातच ठेवा आणि दोन्हीकडे त्याच दिवशी यूव्ही घ्या. प्रवासात काही बिघडलं का ते तिथेच कळेल.

पावसाळ्यात एफटीआयआर शक्यतो टाळा, किंवा केबीआर (नमुना मिसळून गोळी करायचं पोटॅशियम ब्रोमाइड) रात्रभर ओव्हनमध्ये ठेवून, गोळी दाबल्याबरोबर मोजा. जुलै-ऑगस्टमधल्या आपल्या हवेत केबीआर बघता बघता ओल धरतं, ३४०० प्रति सेंटिमीटरच्या आसपास रुंद पट्टा येतो आणि तो "अर्कातल्या हायड्रॉक्सिल गटांचा" म्हणून प्रबंधात जातो. त्याच दिवशी नुसत्या केबीआरची एक गोळी मोजली तर हा घोळ होत नाही.

निकाल लिहिताना आकड्याबरोबर तंत्र लिहा: टीईएमने गाभ्याचा सरासरी व्यास इतका, इतके कण मोजून, डीएलएसने हायड्रोडायनॅमिक व्यास इतका, पीडीआय इतका, या द्रवात, या तापमानाला, एक्सआरडीने स्फटिकाची साइज इतकी, यंत्राची रुंदी अशी वजा करून. परीक्षकाने "जुळत का नाही" असं विचारलं तर उत्तर या तीन ओळींतच असतं.

हे सगळं तपासूनही आकडे पटत नसतील तर खाली लिहा, जमेल तेवढी मदत करते. फक्त रिपोर्टचा शेवटचा आकडा पाठवू नका. डीएलएसचा इंटेन्सिटी आलेख आणि पीडीआय, एक्सआरडीची कच्ची फाइल, टीईएमचे न कापलेले फोटो, बॅच केल्याची आणि मोजल्याची तारीख, आणि मधल्या काळात नमुना कुठे आणि कसा ठेवला होता, एवढं कळवा.